कॉलेजच्या भिंतीवरून हापशापाशी

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर कितीतरी माणसांची नावं लिहिली गेली आणि पुसलीही गेली, पण मला स्वतःला नाव नाही. 'तो फलक' एवढीच माझी ओळख. सागवानी लाकडाचा, सहा फूट लांब, चार फूट उंच, पाठीला दोन आडव्या पट्ट्या ठोकलेला. चौदा वर्षं मी परतूरच्या एका कॉलेजात भिंतीवर होतो. तिथून मी आता जिथं आहे तिथं कसा आलो, ते सांगतो. मला सांगण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

माझा जन्म कुंभार पिंपळगावचा. तिथल्या एका पडलेल्या शाळेचे दरवाजे लिलावात निघाले होते. कल्याण मिस्त्रींनी ते घेतले, रंधा मारला आणि चार फळ्या जोडून मला तयार केलं. आठवडी बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्यांवर आडवा टाकून मला परतूरला आणलं. तिथं धर्मराज सर माझी वाट पाहत उभे होते.

धर्मराज सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी विद्यापीठानं एक नवी योजना काढली होती, 'प्रज्ञावंत अभ्यासवृत्ती'. दर वर्षी प्रत्येक कॉलेजातून दोन मुलं निवडायची. त्यांनी स्वतःच्या मनातला एक प्रश्न घ्यायचा, दोन वर्षं त्याचा छडा लावायचा, उन्हाळ्यात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाऊन राहायचं आणि शेवटी सन्मानाची पदवी घ्यायची. आमच्या कॉलेजात ही योजना सरांनी अंगावर घेतली. त्यांचं म्हणणं असं होतं, की ही मुलं पुढं काय झाली हे मागून येणाऱ्या मुलांना रोज दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी मला बनवून घेतलं. जिन्यासमोरच्या भिंतीवर, प्रयोगशाळेच्या दाराशेजारी मला टांगलं. माझ्यावर तीन रकाने आखले. वर्ष, नाव आणि यश.

अक्षरं लिहायला संपत पेंटर आले. परतूरपासून सात किलोमीटरवरच्या धामणवाडीचे ते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मोबाईलची दुकानं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, लग्नाघरचे मोर, सगळं रंगवायचे. आधी ते ओळीतली सगळी अक्षरं लिहायचे आणि मग वरची रेघ एका दमात ओढायचे. ती रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. माझ्या इतक्या जवळ त्यांचं तोंड असे, की थांबलेला श्वास मला कळायचा.

पहिलं नाव लागलं अंगदचं. कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या अळीचे पतंग तो दोन वर्षं रोज पहाटे शेतात जाऊन मोजत होता. पुढं तो एका कापूस संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ झाला. त्याचं नाव लिहिलं त्या दिवशी त्याची आई नंदाबाई आली होती. तिला वाचता येत नव्हतं.

"भाऊ, यातलं आमचं अंगद कुठं हाये?" तिनं विचारलं.

संपत पेंटरनी दाखवलं. तिनं बोट पुढं केलं तसे ते म्हणाले, "रंग वला हाये माय. बोटाला लागंल."

"लागू दे की," ती म्हणाली. नावावरून तिनं हळूच बोट फिरवलं आणि पिवळं झालेलं ते बोट पदरापासून दूर धरून ती जिना उतरली. नंतर कुणीतरी सांगितलं, दोन दिवस तिनं त्या हातानं भाकरी थापली नाही.

मग नावं येत गेली. केदारखेड्याची राजनंदिनी मामाकडं राहून शिकली आणि उपजिल्हाधिकारी झाली. माऊली जर्मनीला गेला आणि पेशीच्या आतलं दाखवणाऱ्या यंत्रावर काम करू लागला. कुणी डॉक्टर झालं, कुणी सरकारी वकील. नवीन मुलं ॲडमिशनला आली की जिन्यात थांबून मला वाचत. बाप लेकाला म्हणत, "बघ, ह्याच्यावर नाव आलं पाहिजे." मला गर्व चढला, मित्रांनो. मला वाटायचं, या कॉलेजात जे काही चांगलं घडलं ते सगळं माझ्या अंगावर आहे, आणि जे माझ्यावर नाही ते घडलंच नाही.

एका वर्षी निवडीच्या मुलाखती होत्या. खोलीतला पंखा बंद पडला म्हणून सरांनी टेबल बाहेर, माझ्याच खाली मांडलं. एक सडपातळ मुलगी पुढं आली. नाव विचारल्यावर म्हणाली, "अक्षता संपत." सर हसले. "आपल्या पेंटरची का?" तिनं मान हलवली.

"कशाचा अभ्यास करायचाय तुला?"

बाकीच्या मुलांनी मोठमोठे विषय सांगितले होते. ती म्हणाली, "सर, आमच्या गावात बारक्या लेकरांचे दात पिवळे का पडतेत आन म्हातारी माणसं वाकून का चालतेत, ते बघायचं मला."

सरांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. तिच्याबरोबर निवडलेली दुसरी मुलगी होती अर्पिता, परतूरच्या एका दुकानदाराची. दोघींची लगेच मैत्री झाली.

अक्षताच्या पिशवीत तेव्हापासून पाण्याच्या बाटल्या वाजू लागल्या. प्रयोगशाळा उघडायच्या आधी ती येऊन माझ्यासमोर उभी राहायची. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. 'मारुतीजवळचा', 'शाळेमागचा', 'पाटलाच्या मळ्यातला', 'आमच्या वस्तीचा'. धामणवाडी आणि आसपासचे तेवीस हापसे तिनं उन्हाळ्यात, पावसाळ्यात, हिवाळ्यात तपासले. एका दुपारी ती प्रयोगशाळेतून बाहेर आली आणि दारातच सरांना गाठलं.

"सर, चार हापशांत फ्लोराइड लई जास्त हाये. सगळ्यात जास्त आमच्या वस्तीच्या हापशात."

"पुन्हा तपास."

"तीनदा तपासलं सर." ती भिंतीला टेकली. तिची वेणी माझ्या कडेला लागली. "माय त्याच्यावरच पाणी भरती. वीस वर्षं झाली. मी त्याच्यावरच मोठी झाले."

तिचा अहवाल विद्यापीठात गेला, तालुक्याला गेला. चार हापशांचं पाणी पिऊ नये असं ठरलं. असे हापसे लाल रंगवतात. धामणवाडीचे लाल रंगवायचं काम संपत पेंटरना मिळालं. ते पुढच्या खेपेला माझ्यावर एक नाव लिहायला आले तेव्हा सरांशी बोलत होते. "वस्तीचा हापसा रंगवून राह्यलो, तर बाया येऊन उभ्या राह्यल्या सर. म्हणल्या, पोरगी शिकली आन गावाचं पाणी बंद केलं. मी म्हणलं, पोरीनं न्हाई केलं बंद, ते आधीपासूनच खराब होतं. पण ऐकतं कोण? धुण्या-भांड्याला चालू ठेवलाय. प्यायला टँकर येतो."

दोन वर्षांनी अक्षता सन्मानाची पदवी घेऊन सगळ्यांत पुढं आली. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत तिची पीएच.डी.साठी निवड झाली. पाण्यातलं फ्लोराइड स्वस्तात कसं काढायचं, हाच तिचा विषय. सरांनी संपत पेंटरना निरोप धाडला. ते धुतलेला सदरा घालून आले. अक्षरं लिहून झाली. मग वरची रेघ ओढायला त्यांनी श्वास रोखला आणि अर्ध्यावर थांबले. ब्रश खाली घेतला, डोळे पुसले, परत रेघ धरली. जिथं थांबले होते तिथं रेघ किंचित जाड झाली.

"परत ओढू का सर?"

"नको," सर म्हणाले. "असू द्या."

नंतर साथीचा आजार आला आणि कॉलेज बंद झालं. जिन्यात धूळ साठली. माझ्या कोपऱ्यात कोळ्यानं घर केलं. कॉलेज परत उघडलं आणि काही महिन्यांनी एका सकाळी अक्षता जिना चढून आली. पाठीवर मोठी सॅक होती. ती पुण्याहून थेट इथं आली होती. सर वर्गातून बाहेर पडले ते तिला पाहून थांबले.

"सर, मी सोडून आले."

"काय सोडून आलीस?"

"पीएच.डी. मायचं कंबरड्यापासून खाली आखडलंय. डॉक्टर म्हणले, हाडांत बसलंय ते फ्लोराइड. बरं होणार न्हाई, जास्त होऊ द्यायचं न्हाई एवढंच. तिला उठवून बसवायला लागतं. पप्पा कामावर जातेत. भाऊ प्रेम चाकणला कंपनीत हाये, त्याची नोकरी नवीन. मंग कोण?"

"किती राहिलं होतं?"

"दोन वर्षं."

"रजा मागायची. मी बोलतो तिथं."

"बोलले सर मी. एक वर्ष देतेत. एका वर्षात माय चालणार हाये का?"

 सरांनी चष्मा काढून पुसला. आणि मी? माझ्यावर तिच्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'पीएच.डी.साठी पुणे येथे निवड'. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खाली मान घालून जिना उतरली. मला ते शब्द अंगावरून झटकून टाकावेसे वाटले, पण लाकडाला असं काही जमत नाही.

तिनं तालुक्याच्या पाणी तपासणीत कंत्राटी काम धरलं. स्कूटीवर तपासणीची पेटी बांधून ती गावोगाव फिरायची, हापशांचे, विहिरींचे, टाक्यांचे नमुने घ्यायची. सकाळी आईला अंघोळ घालून निघायचं, दुपारी येऊन तिला कूस बदलून द्यायची, परत निघायचं. मला हे अर्पिताच्या बोलण्यातून कळायचं, कारण तोवर अर्पिता आमच्याच कॉलेजात तासिकांवर शिकवू लागली होती. पुढं सर निवृत्त झाले आणि अभ्यासवृत्तीचं काम तिच्याकडं आलं. जायच्या दिवशी सर माझ्यासमोर उभे राहिले. वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचलं. अक्षताच्या ओळीवर बोट ठेवून अर्पिताला म्हणाले, "हिचं पुढचं लिहायचं राहिलंय. दहा-बारा गावांचे हापसे हिनं तपासून घेतले. ते लिहून घे." अर्पिता म्हणाली, "लिहिते सर."

पण ते लिहिण्याआधी मूल्यांकन समिती येणार अशी बातमी आली.

मित्रांनो, समिती येणार म्हटल्यावर कॉलेज कसं होतं ते तुम्ही पाहिलं असेल. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, फायलींना नवी कव्हरं. नवे प्राचार्य हातात कागद घेऊन माझ्यासमोर आले. सोबत अर्पिता होती.

"हा फलक समिती नक्की वाचणार," ते म्हणाले. "सगळा नव्यानं रंगवून घ्या. पण यावर पूर्ण झालेलंच पाहिजे. ही एक बघा. 'निवड'. निवड म्हणजे यश झालं का? समितीनं विचारलं, यांची डॉक्टरेट कधी झाली, तर काय सांगायचं?"

"सर, तिनं परत येऊन खूप काम केलंय. पंधरा गावांचं पाणी..."

"पुरस्कार आहे का काही? पद? प्रमाणपत्र?"

"नाही. कंत्राटी आहे ती."

प्राचार्य वाईट नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मला कळतं. पण खोटं लिहिलं असं व्हायला नको. नाव कमी करा. आणि हो, तुमच्या तासिकांचा पुढच्या वर्षीचा प्रस्ताव माझ्याकडंच आहे. बघू आपण."

अर्पिताचे ओठ हलले. मी वाट पाहिली.  तिच्या हातातल्या कागदावर एक नाव खोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी संपत पेंटर आले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला होता. त्यांनी मला उतरवलं, पुसलं, आणि अंगभर काळा रंग दिला. चौदा वर्षांची नावं एका तासात झाकली गेली. रंग वाळल्यावर अर्पितानं यादी दिली. त्यांनी ती वरून खाली वाचली. परत वाचली.

"मॅडम, यात एक नाव राह्यलंय."

अर्पिता खिडकीकडं पाहत होती. "राहिलेलं नाही, काका."

 मग संपत पेंटरनी डबा उघडला. रंग ढवळला. वर्ष लिहिलं, अंगदचं नाव लिहिलं, राजनंदिनीचं लिहिलं. माझ्या अंगावर त्यांचा हात फिरत होता, स्थिर, जसा ट्रॉलीवर फिरतो तसा. प्रत्येक ओळीची रेघ त्यांनी एका दमात ओढली. कुठंही थांबले नाहीत. मुलीचं नाव जिथं होतं तिथं ते पोचले तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, की थांबा, तुम्ही बाप आहात तिचे. त्या ओळीत त्यांनी अर्पिताचं नाव लिहिलं. 'सहायक प्राध्यापक'. अर्पिता तेवढ्यात तिथून निघून प्रयोगशाळेत गेली.

शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या तेव्हा अक्षता वडिलांना न्यायला आली. ती फिरतीवरून येत होती. ओढणी तोंडाला बांधलेली, पायांवर धूळ. तिनं मला वाचलं. सगळं वाचलं. संपत पेंटर खाली बसून ब्रश धूत होते. ते वर पाहत नव्हते.

"पप्पा, माझं नाव तुम्हीच काढलं का?"

"यादीत नव्हतं बाई."

अर्पिता दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. "अक्षता, मी बोलले गं त्यांना. पण..."

"तुझ्या तासिकांचं काय म्हणले?"

"बघू म्हणाले."

 अक्षता म्हणाली, "मंग ठीक हाये. तुझ्या जागी मी असते तर मीबी हेच केलं असतं." हे ती रागानं बोलली नाही, म्हणून अर्पिताला ते जास्त लागलं. ती रडायला लागली. अक्षतानं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तिनं वडिलांचे डबे उचलले आणि दोघं जिना उतरून गेले. खाली पोचल्यावर संपत पेंटरांचा आवाज आला, "मायला आज कसं हाये?" पुढचं मला ऐकू आलं नाही.

समिती आली. पाच जण होते. त्यांनी मला वाचलं आणि माना डोलावल्या. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "छान आहे. पण यातलं कुणी याच भागासाठी काही केलं का? इथल्या गावांसाठी?"

प्राचार्य म्हणाले, "हो, हो. हा माऊली जर्मनीत आहे. राजनंदिनी मॅडम प्रशासनात आहेत." बाईंनी अर्पिताकडं पाहिलं. अर्पिता फाईल छातीशी धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं.  मग ती म्हणाली, "पुढं प्रयोगशाळा आहे, या." आणि सगळे पुढं गेले.

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला विचारायचं कुणाच्या मनात येणार?

समितीनं अहवालात लिहिलं, की फलक जुना वाटतो, माहिती पडद्यावर दाखवावी. महिन्याभरात माझ्या जागी टीव्हीसारखा पडदा आला. मला शिवाजी शिपायानं सायकल स्टँडच्या भिंतीला उलटा टेकवून ठेवलं. अंगदचं नाव खाली डोकं वर पाय झालं. कबुतरं बसू लागली. पावसाळा झाला. शिवाजीला मी बंबात जाळायला हवा होतो, थंडीत पाणी तापवायला. वाईट हेतूनं नव्हे. लाकूड वाळलेलं होतं, एवढंच.

त्यानं मला उचललंच होतं, तेवढ्यात अर्पिता धावत आली. "शिवाजीमामा, थांबा. हा मला द्या." तिनं अक्षताला फोन लावला.

संध्याकाळी अक्षता आणि संपत पेंटर छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले. अर्पिता म्हणाली, "नाव ठेवता आलं नाही मला. फलक तरी घेऊन जा. तुला गावात पाण्याचं लिहायला लागतं ना?" अक्षता तिच्याकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "उचलायला हात लाव मंग. लई जड हाये हा." दोघींनी मिळून मला वर चढवलं.

आता मी धामणवाडीत आहे. संपत पेंटरनी मला परत काळं केलं. या वेळी नावांसाठी नाही, खडूनं लिहिता यावं म्हणून. दोन लोखंडी पायपांवर मला उभं केलंय, वस्तीच्या लाल हापशाशेजारी. माझ्यावर गावातल्या प्रत्येक हापशाचं नाव आहे, तपासल्याची तारीख आहे, आणि पुढं अक्षताच्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'चालेल' किंवा 'पिऊ नका'. दर सोमवारी ती पुसून परत लिहिते. समोरच्या ओसरीवर बाजेवर चांगुणाबाई बसलेल्या असतात, अक्षताची आई. त्यांना मान वळवता येत नाही, म्हणून बाज माझ्याकडं तोंड करून ठेवतात.

पहिल्या आठवड्यात लोक थांबून वाचायचे. मला वाटलं, आता माझा खरा उपयोग झाला. पण मित्रांनो, फलकाचं वाटणं आणि खरं होणं यात अंतर असतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये वस्तीत नव्यानं आलेल्या नळाला नऊ दिवस पाणी आलं नाही. टँकरची वाट बघून लोक कंटाळले. हापशाचा लाल रंग उन्हानं फिका झाला होता. दुपारी बेबीनंदा आली. शेजारच्याच घरात राहते. सातवा महिना होता तिला, आणि कडेवर दीड वर्षाचं लेकरू. तिनं घागर हापशाखाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं. 'वस्तीचा हापसा, पिऊ नका.' दहावी शिकलेली आहे ती. तिला सगळं वाचता येतं. त्याखालच्या ओळीत होतं, 'शाळेमागचा, चालेल'. शाळा तिथून सव्वा किलोमीटर, चढावर. तिनं रस्त्याकडं पाहिलं. परत माझ्याकडं पाहिलं. मग लेकरू खाली उतरवलं आणि दांडा धरला.

"बेबे!" चांगुणाबाईंनी ओसरीवरून हाक मारली. "ते प्यायला नको गं. माझं बघ ना काय झालं."

"ठाव हाये मावशे." बेबीनंदा हापसत राहिली. "पण मंग शाळेमागून कोण आणून देतं मला?"

चांगुणाबाईंना उठता येत नव्हतं. मला हलता येत नव्हतं. घागर भरली. लेकरानं पाण्याखाली ओंजळ धरली आणि प्यालं. आम्ही दोघं बघत राहिलो.

संध्याकाळी अक्षता आली तेव्हा चांगुणाबाईंनी तिला सगळं सांगितलं. अक्षता माझ्यापाशी आली. तिच्या हातात खडू होता. मला वाटलं, आता ती मोठ्या अक्षरात काहीतरी लिहील. तिनं खडू माझ्या कडेवर ठेवला, घरातून दोन रिकामे कॅन आणले, स्कूटीला बांधले आणि शाळेच्या रस्त्यानं गेली. परत आली ती दोन्ही कॅन भरून. एक बेबीनंदाच्या दारात ठेवला, एक घरात. त्या दिवसापासून रोज पहाटे ती कामावर जायच्या आधी एक खेप करते. दोन घरांचं पाणी. वस्तीत घरं आहेत एकतीस.

मित्रांनो, एकोणीस गुणवंत माझ्या अंगावर येऊन गेले. मी त्यांना जपलं, पण त्यांच्यासाठी काही करू शकलो नाही. माझं काम लिहिलेलं दाखवणं एवढंच. म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. माझ्यासारख्या फलकापुढं उभं राहून नावं वाचाल तेव्हा, जी नावं तिथं नाहीत त्यांची चौकशी करा. आणि जिथं 'पिऊ नका' लिहिलेलं असेल तिथं नुसतं वाचून पुढं जाऊ नका. कुणी तिथं घागर घेऊन उभं असेल तर तिला ओरडू नका. तिच्या हातातली घागर घ्या आणि शाळेमागच्या हापशापर्यंत चालत जा.

मला ते जमत नाही. तुम्हाला पाय आहेत.